शालू खेळापुरता

जालना,
दि. १४ डिसेंबर १९९८

चि. मच्छिंद्रास अनेक आशीर्वाद.

वर 'श्री' लिहायचा राह्यला. घाईत राह्यला समज. मी बरा आहे. नाशिकला थंडी पडली असेल, कानाला बांधत जा. तुझ्या ऑफिसात फोन केल्ता, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणाले. परत केला तर परत मीटिंग. म्हणून पत्र.

आधी हे सांगतो, की तुझ्या आईनं मागितलेला शालू मिळाला.

आपल्या राजविलास थेटराचं आता संग्रहालय झालंय. पुढं काचेच्या कपाटांत जुने पडदे, पायपेटी, पत्र्याचे मुकुट. आत स्टेज चालूच. मी बायांची कामं करायचो तेव्हा नेसायचो, तो तुझ्या आईचा लग्नातला शालूबी तिथंच होता, लाकडी बाईच्या अंगावर. तिनंच दिल्ता. म्हणाली, पेटीत कसर लागेल, तिथं लोकं तरी बघतील.

पावसाळ्यात तिनं अंथरूण धरलं. दिवाळीनंतर डॉक्टरनं हात टेकले. मंग एक दिवस म्हणाली, "मी सवाष्ण जाऊन राह्यले. लग्नाचा शालू अंगावर घालूनच जाईन, न्हाईतर तुमच्या त्या थेटराला आग लागो."

मी संग्रहालयाच्या अप्पारावाकडं गेलो. माणूस चांगला, पण नियमाचा लई पक्का. म्हणाला, "बद्रीनाथराव, काचेतली वस्तू फक्त खेळासाठी निघते. खेळ संपला की बराबर परत काचेत."

"मंग लावा खेळ," मी म्हणालो. सत्तरी उलटली, तोंडात दात न्हाईत, अन् राणीचा पार्ट! हसणाऱ्यांनी हसावं.

शाळेत पोरं तुला विचारायची, "मच्छ्या, तुमच्या घरात माय कोनती रे?" तू घरी येऊन ताटावरून उठायचास. त्यावर मी कधी बोललो न्हाई. आजबी बोलत न्हाई.

परवा शनिवारी खेळ झाला. निऱ्या कायम तुझी आई घालून द्यायची. या वेळी वॉचमन कचरूनं आरसा धरला अन् मीच घातल्या. शालू परत घ्यायला अप्पाराव विंगेत उभा. म्हणून टाळ्या चालू असतानाच मी स्टेजच्या समोरून उतरलो अन् लोकांतून थेट दाराबाहेर. तोंडाला रंग, कपाळाला मळवट, तसाच भर बाजारातून घराकडं. भाजीवाल्या उठून उभ्या राह्यल्या. एक टवाळ शिट्ट्या मारत मागं आला, त्याला मी अशी शिवी हासडली, की कोणत्या राणीनं कधी दिली नसेल.

तुझ्या आईनं डोळे उघडले. वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "निऱ्या चुकल्या." मला हसू आलं अन् रडूबी आलं. मंग विचारलं, "मच्छिंद्र आला का?"

मी म्हणालो, "आलाय ना. दारात उभा हाये. मला असं बघून लाजला."

"लाजू द्या," ती म्हणाली, "लेकरूच हाये." अन् दाराकडं बघत राह्यली. किती वेळ मला वाटलं बघूनच राह्यली. मंग डोळे मीच मिटवले.

शालू तिच्यासंगं गेला. कपाटात नुसती लाकडी बाई उभी आहे. अप्पाराव मातीला आल्ता. शालूकडं पाहिलं अन् खांदा दिला.

मला तुझा राग आहे, मच्छिंद्र. फार राग आहे. पण दहाव्याला तू येशील तेव्हा मावश्या विचारतील, माय गेली तेव्हा तू कुठं होतास. दारात होतो, असं सांग. बिलकुल दुसरं काही सांगू नको. मी तिला जाताना खोटं बोललो, असं होऊ देऊ नको.

हे पत्र वाचून फाडून टाक. असलं पत्र घरात ठेवत न्हाईत.

तुझा बाप,
बद्रीनाथ