गाळलेल्या जागा भरा

२ मार्च, सोमवार
आजपासून नवं आयुष्य. प्रत्येक जाहिरात कोऱ्या कागदावरून सुरू करणं हा निव्वळ गाढवपणा आहे. साचे करणार. पत्रकाचा साचा असा: आधी घाबरवा, मग आणखी घाबरवा, मग धीर द्या, खाली फोन नंबर. भीती कशाची, तेवढं नाव बदलायचं. बायकोला हे सविस्तर समजावलं. तिने विचारलं, आईला गोळ्या दिल्यास का? राहून गेल्या. मोठ्या कामात किरकोळ गोष्टी राहतातच.

३ मार्च
साचा तयार. गाळलेल्या जागी नुसती रेघ मारली की वाक्याची लय कळत नाही. म्हणून तात्पुरता एक शब्द घातला: 'सासूबाई'. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्या माझ्या लिहायच्या खोलीत मुक्कामाला आहेत, त्यामुळे चटकन सुचला. गंमत फक्त माझ्यापुरती. लय झकास.

५ मार्च
जेवताना बायकोने बजावलं. तुझं वाकडं तोंड आईला कळतं, तिला पुन्हा दुखावलंस तर मी या घरात राहणार नाही. मी म्हटलं, कधी दुखावलं? पुरावा दे. तिने दिला नाही. म्हणजे नाहीच.

९ मार्च, सोमवार
पेस्ट कंट्रोलवाल्याचं पत्रक चहा निवायच्या आत संपवलं! साहेब थक्क. म्हणाले, एकदा नजर टाका. साचा तपासलेला आहे. पुन्हा तपासणं हा त्याचा अपमान. मुद्रितशोधक बाई रजेवर. थेट छपाईला.

१० मार्च
पत्रक आमच्याच भागात दारोदार वाटणार आहेत. सासूबाई काठी टेकत अख्ख्या बिल्डिंगला सांगून आल्या, आमच्या जावयांनी लिहिलंय, नीट वाचा. चला, कुणाला तरी कदर आहे.

१२ मार्च, सकाळ
शेजारच्या काकू रोज हसतात, आज लिफ्टमध्ये भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, धाडस आहे बुवा तुमचं. लेखन पोचतंय म्हणायचं.

दुपार
साहेबांच्या केबिनचं दार बंद. आत पेस्ट कंट्रोलवाला. आवाज अजिबात नाही. बढतीच्या गोष्टी हळूच बोलतात. बायकोला फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. नाही. कामात असेल.

संध्याकाळ
आर्टिस्टने छापील पत्रक टेबलावर ठेवलं.
'घरात सासूबाई झाल्यात? स्वयंपाकघरात हालचाल जाणवते? आज दुर्लक्ष कराल, तर उद्या अख्खं घर पोखरलं जाईल. आमची माणसं कोपऱ्याकोपऱ्यातून सासूबाई बाहेर काढतील. पुन्हा येणार नाहीत याची लेखी हमी.'
फोन नंबर बरोबर आहे.

१३ मार्च
काल घरी गेलो तर सासूबाई बॅग भरून खुर्चीत बसलेल्या. मांडीवर पत्रक, त्यावर चष्मा. मी सांगितलं, चूक छपाईची आहे, आर्टिस्टची आहे, रजेवर गेलेल्या बाईंची आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला सांगायचंत, मी गेले असते. एवढ्या घरांना कळवायची काय गरज होती?"
मी बायकोकडे पाहिलं. ती दुसऱ्या बॅगेची चेन लावत होती.

१५ मार्च, रविवार
खोली मोकळी झाली. टेबल पुन्हा खिडकीशी लावलं. लिहायला इतकी शांतता मला आजवर कधी मिळाली नव्हती. दोघी दोन दिवसांत येतील, अशी खात्री आहे. सकाळपासून एक ओळ झालेली नाही. फोन वाजला तर ऐकू यावा म्हणून पंखा बंद ठेवलाय.