गोंड्याआडचा भोवरा

प्रिय बत्ताशा,

शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता तू गुडघे मोडून खाली बसलास, आणि तिथून पुढं सगळं बदललं. तुला सजवून झालं होतं. डोक्यावर कलगी, पाठीवर जरीची झूल, तोंडावरच्या मोरकीला दोन्ही बाजूंनी लाल लोकरीचे गोंडे. दहाला परण्या निघायचा होता, नवरदेवाला घेऊन मारुतीच्या दर्शनाला जायचं होतं. इतका नटल्यावर घोडा कधी खाली बसतो का रे? मी ओरडलो, "ऊठ की! झूल मळतीय!"

तुझ्याशी शेवटचं बोललो ते हे. झुलीची काळजी!

डॉक्टर आले, आतड्याला पीळ पडलाय म्हणाले, सुई दिली. अकराच्या आत तू गेलास.

आज सहावा दिवस. तबेल्यात, तुझ्या चंदीच्या पेटीवर बसून लिहितोय. आप्पा बाहेरून हाका मारताहेत, वैरागला एक घोडा बघायला जायचंय. तुला न सांगता दुसरा घोडा बघायला जाऊ? तेवढा हलकट मी नाही. शिवाय त्या दिवशी तुझ्या उशाशी उभं राहून आम्ही काय भांडलो, ते तुला कळायला पाहिजे. भांडण तुझ्यावरूनच होतं.

झालं असं, की तुला मातीत घालायचं हे मला मान्यच नव्हतं. आप्पांनी मामाला फोन लावला, मंगळवेढ्याच्या रस्त्याला त्याच्या शेतात खड्डा घ्यायला सांगितलं. मी फोन हिसकावून घेतला. म्हटलं, खड्डाबिड्डा काही नाही. पेंढा भरून ठेवायचा. बत्ताशा उभाच राहणार!

हसू नकोस. पुण्याकडचा एक माणूस शोधून काढला मी, अर्ध्या तासात. तो म्हणाला, आता पेंढा नाही भरत, साचा करून वर कातडं चढवतात, डोळे काचेचे बसवतात. फक्त उन्हात ठेवू नका, बर्फ लावा, मी निघतो. सोलापूरचा मे महिना आणि बर्फ लावा! पण आणला. बर्फाच्या कारखान्यातून टेम्पो भरून लाद्या आणल्या, पोत्यात गुंडाळून तुझ्या चहूबाजूंनी रचल्या. बोटं बधिर झाली माझी. अख्खी भवानी पेठ बघायला आली. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. एकदाच म्हणाले, "महेश, आरं मेलेल्याला थंडी वाजवतोस व्हय?"

खर्च कोण करणार होतं माहितीये? मंगल कार्यालयाचे तात्या. तेच, ज्यांच्या दारात तू निम्मं आयुष्य नाचलास. बातमी कळल्या कळल्या गाडी घेऊन आले. "कार्यालयाच्या दारात काचेच्या पेटीत उभा करू. उजवा पाय वर. नवरा-नवरी फोटू काढतील शेजारी. काय बोलतोस!" मी तर उडालोच. तू मरणारच नव्हतास म्हण की! रोज लग्न, रोज बँड, आणि मी कधीही येऊन तुला बघणार.

मग पुण्याच्या माणसाचा मेसेज आला, 'तोंडाचे फोटो पाठवा, दोन्ही बाजूंनी. अंगावरचं सगळं काढून.'

मी मोरकीला हात घातला आणि आप्पा पहिल्यांदा उठले. "मोरकी काढायची न्हाय!"

मला का ते माहीत होतं, आणि तुलाही. तुझ्या डाव्या डोळ्याखालचा तो भोवरा. केसांचा एवढासा वळसा, चिमटीत मावेल असा. पण घोडेवाल्यांच्या पोथीत तो रडका भोवरा. तसला घोडा ज्याच्या दारात जाईल त्याच्या घरात रडारड. त्यापायीच बाजारात तुला कुणी विचारत नव्हतं, आणि आप्पांना तू मिळालास. त्यांनी घरी येऊन पहिलं काम केलं ते लाल लोकरीचे दोन गोंडे करायचं. उजवा नुसता जोडीला. खरा कामाचा डावा. अकरा वर्षं, एक दिवस सोडला तर, तुझ्या त्या गालाला लग्नात ऊन लागलं नाही.

घराबाहेर हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. अनुषाला.

नाव काढलं की कान टवकारायचास ना? समोरच्या बोळात तिच्या वडिलांचे टॉवेलचे माग होते. कॉलेजला जाताना रोज तुला गाजर द्यायची. 'गुर्रम' म्हणायची तुला, तेलुगूत घोडा. मी म्हणायचो, अगं त्याला नाव आहे. ती म्हणायची, "तुझ्यासाठी नाव. मला गुर्रम." भोवऱ्याची गोष्ट सांगितली तेव्हा केवढी हसली! "मग माझ्या खळीवर पण गोंडा बांध की. कुणीतरी रडेल उगाच."

रडलं कोण ते तुला माहितीये. तिचा साखरपुडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजात पाय ठेवला नाही. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्ध्यावर. आई म्हणाली, परीक्षा तरी दे. मी म्हटलं, कशाला? तिला काय मार्कलिस्ट दाखवायचीय? आजही मला त्याचा पस्तावा नाही. पस्तावा आहे तो पुढच्या गोष्टीचा. आता नीट ऐक.

तिच्या नवऱ्याच्या परण्याला घोडा आपलाच होता. आप्पा आदल्या दिवशी म्हणाले होते, "तू नगं जाऊ. मी बगतो." पण सकाळीच त्यांना मयतीला मंगळवेढ्याला जावं लागलं, आणि लगाम माझ्या हातात आला. कार्यालयाच्या मागच्या नळाशी मी तुला पाणी पाजलं. आणि तुझा डावा गोंडा काढून खिशात घातला.

हो, मुद्दाम. बघू दे, म्हटलं, सगळ्यांना. कुणीतरी म्हातारा ओरडू दे, मोडू दे लग्न. आणि नाही मोडलं, तर लागू दे जे लागायचं ते! बत्ताशा, मी तुझा शाप म्हणून उपयोग केला रे. तुला! गाजर खाऊन लाडात येणाऱ्या तुला!

आणि तू काय केलंस? नवरदेव बसायला आला. बारीक मिशीवाला, घामाघूम, घोड्याला घाबरणारा. बसायच्या आधी तुझी मर्जी राखायची म्हणून त्यानं हात पुढं केला आणि नेमकं त्या भोवऱ्यावरच खाजवलं. तू डोळा मिटलास! मान खाली घालून, ओठ लोंबवून! गद्दारा, माझ्या वैऱ्याच्या हातात डोळा मिटलास! नऊ वर्षांत तिथं कुणी हात लावला नव्हता, म्हणून? आम्ही फक्त झाकलं, कधी खाजवलं नाही, म्हणून?

अख्ख्या परण्यात एक माणूस बोलला नाही. लग्नात घोड्याच्या डोळ्याकडं बघतो कोण?

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. शनिवारपर्यंत.

आप्पा नको म्हणत असताना मी मोरकी काढली. फोटो काढायला वाकलो, तर तात्या माझ्या खांद्यावरून वाकलेले. "आरं! हे काय? डोळ्याखाली भोवरा? ह्या घोड्यावर माझ्या पोराचा परण्या काढला मी! म्हणूनच सून माहेरी जाऊन बसली व्हय रं?"

आप्पांनी हात जोडले. माझ्या बापानं, तात्यांसमोर, तुझ्या मढ्याशेजारी. "तात्या, चुकलं. पर कुणाला सांगू नगा. पोट हाय त्याच्यावर."

तात्यांनी जरा विचार केला. माणूस धंद्याचा. "बरं, आसू दे. त्या कारागिराला सांगा, तेवढं बुजवून टाक. केस सरळ कर. बुजवला की झालं, दारात उभा करायला आपली हरकत न्हाय."

"बुजवा," आप्पा म्हणाले. "आत्तापत्तूर झाकला. आता एकदाच बुजवा."

माझं डोकं कसं आहे तुला माहितीये. मी बर्फावर लाथ घातली. "कुणी हात लावायचा नाही त्या भोवऱ्याला!" आणि मग जे दोन वर्षं पोटात होतं ते सगळ्यांसमोर बाहेर आलं. "आप्पा, अनुषाच्या लग्नात मी काढला होता गोंडा. मुद्दाम. उघड्या भोवऱ्यानं नेला मी ह्याला मारुतीला."

वाटलं, आता कानाखाली बसणार. आप्पा हळूच म्हणाले, "मग? काय झालं त्या पोरीचं?"

"काय व्हायचंय? पोरगी झाली तिला. मजेत आहे."

आणि खरंच मजेत आहे रे. दिवाळीला आली होती ना पोरीला गुर्रम दाखवायला? मला किती राग आला होता, ती किती बरी दिसते याचा! पोरीनं हात लावला तो पण तिथंच. तू पुन्हा डोळा मिटलास.

"काहीच न्हाय झालं?" आप्पांनी पुन्हा विचारलं.

"नाही."

"म्हंजे इतकी वर्सं मी उगंच भीत हुतो." आप्पा तुझ्या डोक्याशी मांडी घालून बसले. "दर लग्नात, अक्षता पडस्तोवर जीव टांगणीला. कुणी बगंल, काय तरी घडंल. बत्ताशा, उगंच रं."

तात्या म्हणाले, "आन माझी सून?"

मी म्हटलं, "तुमची सून तुमच्यामुळं गेली, तात्या. त्यात घोड्याचं नाव घालू नका. सांगा जा गावभर काय सांगायचं ते!" गेले तरातरा. आजवर दोन ठिकाणची कामं त्यांनी मोडली. मोडू देत!

पुण्याच्या माणसाला मी फोन केला. तो बिचारा टेंभुर्णीपर्यंत आला होता. म्हणाला, घरी ठेवायचा तर भोवऱ्यासकट करतो की, माझं काय जातं? म्हणजे तू अजून उभा राहू शकत होतास. इथं, ह्या तबेल्यात, भोवऱ्यासकट, माझा. फक्त 'या' म्हणायचं होतं.

फोन कानाला लावून मी वळलो, तर आप्पा तुझ्या भोवऱ्यावर बोटानं खाजवत होते. हळू, गोल गोल. पहिल्यांदाच. आणि तुझा डोळा अर्धा उघडाच होता. मिटत नव्हता.

तिथं मला कळलं. कातडं तेच राहील, भोवरा तोच राहील. पण काचेच्या डोळ्याखाली कुणी कितीही खाजवलं तरी तू डोळा मिटणार नाहीस. मग मी रोज इथं येऊन काय बघणार होतो? जे मिटत नाही ते? मी म्हटलं, "माफ करा, परत जा." आणि फोन ठेवून तुझा डोळा मी हातानं मिटला.

मामाच्या शेतात, चिंचेखाली. मीठ घातलं, झूल घातली. मूठभर बत्तासे आप्पांनी तोंडाशी ठेवले, लग्न पार पडल्यावर द्यायचे तसेच. गोंडे ठेवले नाहीत. उघड्या तोंडानं गेलास.

आता माझं वचन ऐक. काल आप्पा वैरागच्या माणसाशी फोनवर बोलत होते. तो भोवरे मोजायला लागला तसे आप्पा खेकसले, "भोवरं नगं सांगू मला. पाय सांग, पाय!" येईल तो घोडा, बत्ताशा, गोंड्याशिवाय नाचेल. कुणी विचारलं तर मीच सांगेन काय आहे ते, आणि नाही पटलं तर दुसरा घोडा बघा म्हणेन. माझ्या रागापायी त्याला कुठं नेणार नाही. आणि रोज, कुणाचं लग्न असो नसो, त्याला कुठं खाजवलेलं आवडतं ते शोधून काढीन. अनुषा पुन्हा आली तर तिच्या पोरीला मीच उचलून घेईन. विसरणार नाही तिला. ते वचन मागू नकोस.

आप्पांनी तिसरी हाक मारली. एसटी चुकेल.

तुझ्या तबेल्याचं दार आजवर आम्ही कधी लावलं नाही. लावलं की लाथा घालायचास, सगळी गल्ली उठवायचास. कागद मोरकीच्या खिळ्याला अडकवतो. बाहेर पडतो. आणि दार लावून, लाथ येते का म्हणून जरा वेळ थांबणार होतो, पण नाही थांबत. लावलं, की निघालो.

तुझा,
महेश