मालतीच्या हिऱ्याच्या कुड्या

कोतो, तोक्यो. रविवार, संध्याकाळ.

मन ठिकाणावर नाही. दुपारी नातीच्या शाळेत रविवारच्या खास कार्यक्रमात एका संस्थेने फिल्म दाखवली. हिऱ्यांच्या खाणींसाठी लढणाऱ्यांनी मुलांचेही हात तोडले. मुलांचे. ही संस्था त्यांना कृत्रिम हात बसवून देते, शिकवते. पडद्यावरची मुलगी आमच्या ईराएवढीच.

येताना ईरा म्हणाली, "आजोबा, तिला कुणी काही दिलं तर ती दोन्ही हातांनी कशी घेणार?" इथे तसंच घ्यायला शिकवतात.

आणि मी शाळेतल्या कवितांच्या नादात जन्मभर दवाला हिरे म्हणत आलो. आज सकाळीसुद्धा, ईराला बागेत.

ईराची आजी मालती गेल्यावर जपलेल्या तिच्या हिऱ्याच्या कुड्या ईराच्या आजच्या वाढदिवसासाठी पुण्याहून आणल्या होत्या. कुठल्या खाणीतले हिरे? मालतीने सोनाराला विचारलं नव्हतं, मीही नाही.

केक कापल्यावर सून म्हणाली, "बाबा, द्या ना आता." ईराने सवयीने दोन्ही हात पुढे केले. इवलेसे तळवे. माझा हात खिशातल्या डबीवरून हलेना. शेवटी ताटातला बेसनाचा लाडू उचलून तिच्या तळव्यांवर ठेवला.

"अरिगातो, आजोबा," म्हणाली.

डबी अजून खिशातच आहे.