दिरहमच्या पिशव्या आणि नाशिकचं तिकीट

६ सप्टेंबर, शनिवार
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून आयुष्याला दिशा.

यूट्यूबवर अमेरिकेतला एक म्हातारा बघितला. बँकेतून निकेलच्या, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यांच्या, सुरळ्या आणतो, स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोडतो, एखादं दुर्मीळ नाणं निघालं की काढून घेतो आणि उरलेली परत बँकेत. रिस्क शून्य. तोटा अशक्य. इथे आखातात हे कोणी करत नाही! दिरहमची जुनी मोठी नाणी आहेत, कशाकशाच्या स्मरणार्थ काढलेली आहेत. अख्ख्या अल मनखूलमध्ये आपण पहिले.

बायकोला, मृणालिनीला, सांगितलं. ती म्हणाली, कुंदाचा फोन येऊन गेला, आई बाथरूममध्ये पडल्यात.

कुंदाला फोन केला. माझी धाकटी बहीण, नाशिकला आईच्याच बिल्डिंगमध्ये राहते, आणि कुठलीही गोष्ट वाढवून सांगते. खुब्याच्या हाडाला हेअरलाइन क्रॅक. म्हणजे केसाएवढी चीर. केसाने काय होतं?

संकल्प: अल्बम पूर्ण करायचा आणि दिवाळीत नाशिकला जाऊन आईला दाखवायचा. हाड तोवर आपोआप जुळेल.

११ सप्टेंबर, गुरुवार
बँकेतून नाण्यांची पहिली पिशवी आणली. काउंटरवर इनाया नावाची मुलगी. तिने विचारलं, दुकान आहे का सर? म्हटलं, रिसर्च आहे. इंप्रेस झाली असावी. मॅनेजरला बोलावून आणलं.

घरी येऊन पिशवी टेबलावर पालथी केली. सगळी कॉफीच्या किटलीचं चित्र असलेली नेहमीची नाणी. एका नाण्याला च्युइंगगम. सुरुवात म्हणून वाईट नाही.

कुंदाचा फोन. ऑपरेशन करावं लागणार. दादा, येतोस का? म्हटलं, क्वार्टर क्लोजिंग आहे, हमरियाच्या गोडाउनचा सगळा स्टॉक माझ्या डोक्यावर आहे. ती बरं म्हणाली. कुंदा बरं म्हणते तेव्हा तिला बरं वाटलेलं नसतं, पण मी कुठे कुठे पुरा पडू?

मृणालिनी म्हणाली, रजा पडून आहे तुझी. म्हटलं, प्रश्न रजेचा नाही. तिने विचारलं, मग कशाचा? तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

१६ सप्टेंबर, मंगळवार
ऑपरेशन छान झालं. मला माहीतच होतं. उगाच धावत गेलो असतो तर तिकिटाचे बाराशे दिरहम, म्हणजे अठ्ठावीस हजार रुपये, पाण्यात.

बोटिम ॲपवर व्हिडिओ कॉल. कुंदाने फोन आईच्या तोंडासमोर धरला. आई झोपलेली. तोंडात कवळी नव्हती. मी लगेच म्हटलं, हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय, आणि कॉल कट झाला. इथलं नेटवर्क म्हणजे कहर आहे. आमची लेक मैथिली शेजारच्याच खोलीत सिरियल बघत होती, तिचं मात्र व्यवस्थित चाललं होतं.

दुसरी पिशवी. एक स्मरणार्थवालं! पण ते म्हणे सगळ्यांकडे असतं. तरी खातं उघडलं.

२० सप्टेंबर, शनिवार
मैथिलीला मदतीला बसवलं. म्हटलं, बापलेकीचा क्वालिटी टाइम. पंधरा मिनिटं बसली. मग म्हणाली, "बाबा, आर यू स्केअर्ड टू सी आजी?"

म्हटलं, भिंगाची काच पूस आधी.

सोळा वर्षांची मुलं. दोन रील्स बघतात आणि मानसशास्त्र शिकवतात. मी आईला घाबरेन? आई आजवर कधी आजारी पडलेली नाही. बाबा गेले तेव्हासुद्धा तेराव्याला सगळ्यांना वाढायला तीच उभी होती. अशी बाई कॉटवर पडून राहते हे मला पटतच नाही, आणि जे पटत नाही ते बघायला कशाला जायचं? मैथिलीला हे समजावून सांगणार होतो, पण ती उठून गेली होती.

२७ सप्टेंबर, शनिवार
सापडलं!!!

तिसऱ्या पिशवीत. एक दिरहम, किटली सरकलेली, एका बाजूची कड जवळजवळ नाहीच. टाकसाळीतली चूक. अशी नाणी लोक तिजोरीत ठेवतात. गाडीने तास-दीड तासावर खलिफा सिटीत वासुदेव म्हणून निवृत्त इंजिनिअर राहतात, नाण्यांतले जाणकार. त्यांना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं: गुरुवारी या, प्रत्यक्ष बघू.

कुंदाचा फोन. इन्फेक्शन झालंय, आयसीयूत हलवलंय. आयसीयू म्हणजे सगळ्यात चांगली देखरेख. साध्या वॉर्डापेक्षा बरंच. हे तिला सांगितलं तर रडायला लागली. म्हटलं, गुरुवारी दसरा आहे, शुभ दिवस, बघतो. मग आठवलं, गुरुवार बुक आहे.

मृणालिनी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "शैलेंद्र, तू येतोस का नाही, एवढंच सांग."

म्हटलं, शुक्रवारी नक्की. इन्शाल्ला.

तिने फोन उघडला आणि एकच तिकीट काढलं. सासूसाठी सून निघाली, मुलगा मागे राहिला, असं लोक म्हणतील. लोकांना नाण्यातलं काय कळतं.

३० सप्टेंबर, मंगळवार
मृणालिनीला एअरपोर्टला सोडलं. आईंना काही निरोप, असं तिने विचारलं. सांग, मी मजेत आहे. तिने डिकीतून बॅग स्वतःच उतरवून घेतली. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला, यल्ला यल्ला, म्हणून निघावं लागलं.

घरी मी आणि मैथिली. खिचडी केली. तळाला लागली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
ऑफिसमधून रजा घेतली. सहज मिळाली.

वासुदेवांचा व्हिला ऐसपैस. त्यांनी नाणं दिव्याखाली धरलं, फिरवलं, कडेवरून नख फिरवलं. मग चहा मागवला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. म्हणाले, "कुणीतरी पक्कडीत धरून कानशीने घासलंय हो. ही चूक टाकसाळीतली नाही, कुठल्यातरी गॅरेजातली आहे. एक दिरहमचं आहे, एक दिरहम येईल."

म्हटलं, तुमची खात्री आहे? म्हणाले, आहे. मग इकडच्या तिकडच्या गप्पा. नाशिकचे का? आई आहेत? म्हटलं, हो, आहे की. कशी आहे प्रकृती? ठणठणीत, म्हटलं.

परत येताना फोन तीनदा वाजला. गाडी चालवताना फोन घेत नाही, नियम म्हणजे नियम. पेट्रोल पंपावर थांबलो. कडक चहा घेतला. टायरमधली हवा तपासून घेतली. काच पुसून घेतली. मग फोन लावला.

मृणालिनी म्हणाली, दुपारी आईंना शुद्ध आली होती. चांगल्या बोलत होत्या. शैलू आला का, म्हणून विचारलं. तिने सांगितलं, वाटेत आहे. मग आई म्हणाल्या, गाडी हळू चालव म्हणावं.

म्हटलं, बघ! बोलतेय म्हणजे सुधारतेय. उद्याचं तिकीट काढतो.

मृणालिनीने फोन ठेवला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. विमानात
पहाटे गेली.

मैथिली म्हणाली, "आय ॲम कमिंग." आता शेजारी बसलीय. माझ्या हातात हात दिलाय. मी तिला मुंबई ते नाशिक रस्ता समजावून सांगितला. कसारा घाट वगैरे. दोनदा सांगितला.

तिकीट आजचंच होतं, हे नोंदवून ठेवतो. मी शुक्रवार म्हणालो होतो आणि शुक्रवारीच निघालो. शब्द पाळला.

४ ऑक्टोबर, शनिवार. नाशिक
काल संध्याकाळपर्यंत थांबवलं होतं माझ्यासाठी. हॉलमध्ये ठेवलं होतं. कुंदा म्हणाली, दादा, चेहरा बघून घे. मी बघितला. म्हणजे पाय बघितले. तळपाय फार लहान होते. एवढे लहान असतील असं वाटलं नव्हतं. मग गुरुजी घाई करायला लागले.

कुंदा मला एका शब्दाने बोलली नाही. खरं तर भांडेल म्हणून मी विमानात सगळी उत्तरं तयार केली होती. ती फक्त म्हणाली, जेवून घे, सकाळपासून उपाशी असशील.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. नाशिक
भेटायला येणारे संपत नाहीत. आईला एवढी माणसं ओळखत होती हे मला ठाऊक नव्हतं. भाजीवाली आली, बँकेतला शिपाई महादू आला. महादूने सरळ विचारलं, साहेब, शेवटची भेट झाली का?

मी तोंड उघडायच्या आत कुंदा म्हणाली, "नाही ना हो. दादाचा पासपोर्ट रिन्यूअलला अडकला होता. फार तडफडला बिचारा तिकडे."

मी कुंदाकडे बघितलं. ती महादूला पाणी देत होती.

दुपारी मामी आल्या. त्यांनाही कुंदाने तेच सांगितलं, मी मान हलवली. चारच्या सुमाराला शेजारचे जोशी आले तेव्हा कुंदा आत होती, म्हणून मीच सांगितलं. पासपोर्ट, दोन आठवडे, रोज चकरा, हातापाया पडलो तरी कुणी ऐकेना. सांगता सांगता मला रडू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. जोशींनी पाठीवर हात फिरवला. म्हणाले, परदेशातल्या माणसाचे हालच असतात.

खरंच हाल असतात.

मृणालिनी चहाचे कप न्यायला आली होती. ती कप न उचलताच आत गेली.