फादरांचा घसा बसला त्या दिवशी

ति. मोठ्या ताईस,

धाकट्याचा बसल्या जागेवरूनच नमस्कार. वाकून केला असता, पण गुडघे संपावर आहेत. तुझ्या कानातलं वाजणं थांबलं का? भाऊजींच्या कमरेला शेक चालू आहे ना? (त्यांना म्हणावं, कपाटं सरकवायचं एक वय असतं आणि ते कधीच सरकलं.) इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझी भावजय म्हणते, पत्रात शाळेचं रडगाणं लिहू नका, म्हणून आज फक्त शाळेचंच लिहितो.

आमच्या शाळेत दरवर्षी नववीच्या मुलांसाठी आध्यात्मिक चिंतन दिवस असतो. दप्तर नाही, तास नाहीत. चर्चमागच्या सभागृहात बसायचं, प्रार्थना करायची, बाहेरून आलेल्या फादरांचं ऐकायचं आणि आपण माणूस म्हणून कसे आहोत याचा विचार करायचा. (नववीतलं पोर आपण कसे आहोत याचा विचार आरशापुढे रोजच तासभर करतं, पण ते वेगळं.) यात रसायनशास्त्राच्या माणसाचं काही काम नसतं. मी प्रयोगशाळेत बाटल्यांवर डकवायच्या छापील चिठ्ठ्या कापत सुखात बसलो होतो. तेवढ्यात मोठ्या सिस्टर दारात उभ्या. (मोठ्या म्हणजे मुख्याध्यापिका. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.)

"फादरांचा घसा बसलाय. आवाजच नाही. ते खुणा करतील, तुम्ही मुलांना अर्थ सांगायचा."

"मी का, सिस्टर?"

"वीस वर्षं तोंडाला फडकं बांधून शिकवताय. खुणा तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?"

झालं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा खिशात कोंबला आणि निघालो. सभागृहात शेहेचाळीस मुलं-मुली आणि पुढे गळ्याला मफलर गुंडाळलेले, उंच, हाडकुळे, प्रेमळ डोळ्यांचे फादर. त्यांनी मला बघून घशाला हात लावला आणि अंगठा तोंडाकडे नेला. आता कुणीही म्हणेल की माणूस गरम पाणी मागतोय. पण ताई, एवढ्या पवित्र दिवशी इतका साधा अर्थ कसा असेल? मी खडा आवाज लावला, "फादर म्हणतात, आपापला गळा धरा आणि त्यातून आजवर काय काय बाहेर पडलं ते आठवा." शेहेचाळीस जणांनी गळे धरले. (एकाने शेजाऱ्याचा धरला. त्याच्या मते बाहेर पडलं ते तिथूनच.) फादरांनी कपाळाला हात लावला. मी मुलांनाही लावायला सांगितला.

मग गुडघे टेकणं आलं. फादर खाली पडलेला चष्मा शोधत होते हे मला पाऊण तासाने कळलं. तोवर माझ्यासकट सगळे फरशीवर. चष्मा सापडल्यावर त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं, वारा घशाला लागत होता म्हणून. मी म्हटलं, "बाहेर पडा! देवाची सृष्टी बघा!" पोरं मैदानात. फादर मागे धावत आले आणि दोन्ही हात जोरजोरात वरखाली करू लागले. म्हणजे थांबा, परत या. मला मात्र त्यात बायबलातली ती आकाशातली पाखरं दिसली, पेरत नाहीत, कापणी करत नाहीत ती. मी तसं सांगितलं. पोरं पंख हलवत सुटली. पहारेकऱ्याने एवढा थवा अंगावर येताना पाहून छातीवर क्रूसाची खूण केली आणि फाटक उघडलं.

ताई, एक शब्द न बोलता, हात हलवत, शाळेचा गणवेश भर रस्त्यातून गेला. न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेला माणूस बाहेर येऊन बघत राहिला. चौकातल्या पोलिसाने दोन्हीकडची वाहनं थांबवली, कारण हात वरखाली करणं हा त्याचा एकट्याचा हक्क आहे असं त्याला वाटलं असावं, आणि मग आम्हालाच त्याने सलाम ठोकला. बसच्या रांगेतली एक बाई पिशवीसकट आमच्यात सामील झाली. तिला वाटलं, पाठदुखीवरचा काहीतरी व्यायाम आहे. ती शेवटपर्यंत थांबली. म्हणाली, "अकरा वर्षांत पहिल्यांदा सकाळपासून कुणी मला 'आज काय केलंयस जेवायला?' विचारलेलं नाही."

दुपारी परत आल्यावर पापनिवेदन, म्हणजे पडद्याआड बसलेल्या फादरांना आपली पापं सांगणं. एरवी आमची मुलं त्या पडद्याआड जायला किती नाखूश असतात! तीन जातात, तिघंही 'खोटं बोललो' एवढंच सांगून सुटतात. पण आज फादर उलट बोलू शकत नाहीत ही बातमी फुटली आणि शेहेचाळीसच्या शेहेचाळीस रांगेत. वर पिशवीवाली बाई आणि पहारेकरी. फादर रांगेपुढे येऊन घशाकडे बोट दाखवून नाही-नाही अशी मान हलवत होते. मी सांगितलं, "फादर म्हणतात, घशाशी आलेलं आता गिळू नका." रांग आणखी सरकली. बिचारे आत जाऊन बसले.

प्रायश्चित्त तोंडाने सांगता येईना, तर लिहून देण्यासाठी त्यांनी कागद मागितला. (ही खूण मला पहिल्या फटक्यात कळली.) खिशात बाटल्यांच्या चिठ्ठ्या होत्या, त्या दिल्या. मागच्या कोऱ्या बाजूला ते पेन्सिलीने लिहायचे. कुणाला काय लिहिलं ते मला ठाऊक नाही आणि असूही नये. पण पोरं बाहेर येताना छापील बाजू सगळ्यांना दिसत होती, आणि तोच आपल्या आत्म्यावरचा निकाल आहे अशी त्यांची समजूत झाली. 'ज्वालाग्राही' मिळालेली मुलगी अभिमानाने फिरत होती. पहारेकऱ्याला 'वापरण्यापूर्वी हलवा' मिळालं. ते त्याला आधीपासून मान्य असावं.

आणि मग रणगाडा बाहेर आला. वर्गातलं सगळ्यात थोराड पोर, लहानांचे डबे हिसकावणारं. हातात 'पाण्यात विरघळते'. वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ताई, तो खरंच विरघळला. हुंदके देत तो वर्गातल्या सगळ्यात किरकोळ मुलापाशी गेला, त्याला आपला डबा दिला आणि समोर बसून राहिला. किरकोळ घाबरत घाबरत म्हणाला, "अर्धा तू खा." दोघांनी खाल्लं. कुणी हसलं नाही. मी आयुष्यभर त्या चिठ्ठ्या बाटल्यांना लावत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा योग्य जागी लागल्यासारख्या वाटल्या. रांग संपली तेव्हा मीही आत जाऊन आलो.

संध्याकाळी मोठ्या सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "फादरांनी क्षमेचे शब्द तोंडाने उच्चारल्याशिवाय क्षमा पूर्ण होत नाही. फादर तुम्हाला हेच सांगत होते. सोमवारी त्यांचा घसा सुटेल. सगळ्यांनी पुन्हा यायचं." फादरांनी मान डोलावली. मागून शेहेचाळीस गळ्यांतून जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही.

बाकी ठीक. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. माझ्या चिठ्ठीच्या मागे फादरांनी तीनच शब्द लिहिलेत : 'ताईला आधी सांगा.' तर सांगतो. तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, त्या सनईवाल्याच्या ज्या पत्राची तू सबंध सुट्टी वाट पाहिलीस, ते आलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो. पाकिटावरचं तिकीट फार छान होतं. ते सुटावं म्हणून मी पाकीट पाण्यात घातलं. शाई कच्ची निघाली. मग भीती वाटली.

ता.क. २. सोमवारच्या आत एका ओळीत तरी 'माफ केलं' असं लिहून पाठव. फादरांचा मूळ आवाज खणखणीत आहे म्हणतात, आणि पडद्यापलीकडे शिक्षकांची खोली आहे.

ता.क. ३. तिकीट सोबत ठेवलं आहे. शिक्क्याशिवाय त्यावर वाचण्यासारखं काही नाही, पण ते तुझं आहे. भाऊजींनी विचारलं तर सांग, धाकट्याला तिकिटं जमवायचा नाद होता.