दुसऱ्याच्या हातातली सुई

४ ऑगस्ट

चि. चिमणीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानंच रचते, तेव्हा तू लिहितेस हे बरं करतेस. डोळे अजून माझ्या बाजूने आहेत.

सध्या कामाचा ढीग पडलाय. दातांच्या डॉक्टरकडच्या, लोक वाट बघत बसतात त्या खुर्च्या आल्यात कापड बदलायला. गंमत म्हणजे बैठक एकीचीही खराब नाही. झिजलेत ते हात, आणि तेही टोकाशी. माणसं तिथे नखं रुतवून बसतात. एकीचा तर आतला फोम बाहेर आलाय. मी उसवते आणि मनात म्हणते, बाई गं, कोण होतीस तू?

बाळाला घेऊन बसायची तुझी खुर्चीही चालू आहे. बुटकी, सरळ पाठीची, रुंद हातांची. पाठीचं कापड लावलं, उसवलं, परत लावलं. शिवण वाकडी नव्हती, माझंच मन थाऱ्यावर नव्हतं. खिडकीजवळची जागा मोकळी ठेवा, नाहीतर जावई तिथे सायकल आणून टेकवतील.

मी बाळंतपणाच्या आधीच येऊन राहते. तुझे सुजलेले पाय वर ठेवायला लावणारं कुणीतरी घरात हवं. तुझी आई गेल्यावर तुला वाढवलं, ते काय आता पाहुणीसारखी लांबून विचारपूस करायला?

लसीचं लिहिलंस ते वाचलं. बघू. इकडे हवा बरी आहे.

लोभ आहे तसाच राहू दे, त्याला नवं कापड लागत नाही.
तुझी आत्या


११ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. तुझे जावई म्हणाले, आत्यांनी खुर्च्यांच्या हातांवर पान भरून लिहिलंय आणि स्वतःच्या दंडासाठी एकच शब्द खर्च केलाय, ‘बघू’. सायकलीचा टोमणाही त्यांना पोचला. तोंड वाकडं करून त्यांनी ती जिन्याखाली नेली.

आत्या, मी तुला ओळखते. लहानपणी मला टोचायचं असलं की शेजारच्या मावशी माझ्याबरोबर आत यायच्या आणि तू बिस्किटांचा पुडा घेऊन दाराबाहेर उभी. मला वाटायचं, आत्याचं कामच ते, बिस्किटं सांभाळायचं. तुला घाम फुटायचा हे फार उशिरा कळलं.

पण या वेळी ‘बघू’वर भागणार नाही. मागे वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाला डांग्या खोकला झाला होता. छतातून ऐकू यायचं. खोकता खोकता मध्येच आवाज बंद पडायचा, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत मी जिन्यात जाऊन उभी राहायचे. वाचलं ते. पण खोकला घरातूनच आला होता, लाडानं उचलून घेणाऱ्या माणसाकडून. आमच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. मी माझी लस घेतली, तुझ्या जावयांनी त्यांची घेतली. बाळाला जो कुणी जवळ घेणार त्याने घ्यायची, आणि नंतर पंधरवडा जाऊ द्यायचा. तुला दारातून परत पाठवणं मला जमणार नाही. न पाठवणंही जमणार नाही. म्हणून आत्ताच लिहिते.

बाळंतपणाच्या वर्गात आम्हाला शिकवतात तेच तू कर. डोळे मिटायचे, श्वास लांब घ्यायचा आणि अंग सगळं सैल सोडायचं, ओलं कापड दोरीवर टाकल्यासारखं. मला त्याने इतकं बरं वाटतं म्हणून सांगू.

रागावू नकोस. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी चिमणी


२५ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं. ऐकून आपटले.

घाबरू नकोस, हाडं जाग्यावर आहेत. नीट सांगते. दवाखान्यात गेले, बाकावर बसले. पुढे एक आडदांड ट्रकवाला होता, तो आत गेला आणि बाही खाली करत बाहेरसुद्धा आला. मी म्हटलं, हा गेला तर मीही जाईन. आत केसांत पेन खोचलेली एक नर्स, अगदी पोरगेलीशी. खुर्चीवर बसले, डोळे मिटले, लांब श्वास, आणि अंग सैल. इतकं सैल सोडलं की मीच सुटले. तिने सुई काढलीही नव्हती गं, नुसती स्पिरिटच्या कापसाची बरणी उघडली. त्या वासासरशी कान गच्च झाले, हातपाय गार पडले, आणि पोतं घसरावं तशी मी खाली. जाग आली तर नर्स माझे पाय वर धरून उभी आणि दारात अख्खी रांग मला बघायला. जरा पडून राहा मग टोचू, म्हणाली. मी पदर सावरला आणि सरळ चालती झाले. चप्पल उलटसुलट घातली होती, ते घरी कळलं.

लोक हसतात, की जिचा जन्म दाभण हातात धरून गेला ती सुईला भिते. त्यांना कसं सांगू? सुई माझ्या हातात असली की मी राणी, दुसऱ्याच्या हातात गेली की शेळी. बोटांत किती वेळा घुसली असेल, चोखून पुढच्या टाक्याला लागते मी. पण कुणीतरी सुई घेऊन माझ्याकडे येणार, आणि मी नुसतं बसून राहायचं, हेच सोसत नाही.

तेव्हापासून चैन नाही. उठते, बसते, चहा टाकते आणि प्यायची विसरते. काल दातवाल्याच्या खुर्चीत सहज टेकले, तर थोड्या वेळाने बघते तो काय, नव्या कापडावर माझीच नखं.

तू माझ्यावर विसंबू नकोस. शेजारच्या मावशींना विचार, त्या माझ्याहून धीट आहेत. खुर्ची टेम्पोने पाठवते. तिला लस लागत नाही.

पडकी असले तरी तुझीच आहे, लोभ ठेव.
आत्या


३१ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं, आणि मग स्वतःचाच राग आला. तपासणीला गेले तेव्हा तिथल्या मोठ्या नर्सबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अगं, कळा सोसायची युक्ती तू सुईला लावलीस! सुई बघून ज्यांना भोवळ येते त्यांना रक्तदाब एकदम उतरल्यामुळे तसं होतं. त्यांनी अंग सैल सोडलं की ती माणसं हमखास पडणार. त्यांनी उलट करायचं. मांड्या, पोट, एक मूठ घट्ट आवळायची, तोंड गरम होईपर्यंत. मग जरा ढिलं करायचं, पुन्हा आवळायचं. ज्या दंडात टोचायचं तेवढा मात्र सैल. आणि आत गेल्या गेल्या सांगून टाकायचं की मी पडते, मला आडवं होऊ द्या.

त्या सांगत होत्या आणि मला तू दिसत होतीस. खुर्चीच्या बुडाची पट्टी ताणून बसवताना तू चौकटीला पाय लावतेस, दात आवळतेस आणि टोमॅटोसारखी लाल होतेस. त्या वेळी तुझ्याशी बोलायची घरात कुणाची टाप नसायची. तेच कर ना.

मावशींना मी विचारणार नाही. मावशी चांगल्या आहेत, पण माझे पाय वर ठेवून मला दटावणार कोण? मला रात्री नीट झोप लागत नाही, दिवसा बसवत नाही. कपाट लावते, काढते, परत लावते. तू उसवतेस तसंच. आणि ऐक, खुर्ची एकटी आली तर मी दारातूनच परत करीन.

वाट बघत असलेली,
तुझी चिमणी


१३ सप्टेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

काल टोचून घेतलं.

आता सावकाश सांगते. आधी नुसती दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरले. रिकामं कसं यायचं म्हणून बटणं विकत घेतली. मग आणखी एकदा गेले, आणखी बटणं आणली. घरात आता बटणंच बटणं आहेत, तुझ्या लेकराला जन्मभर पुरतील. काल म्हटलं, दुकानदारही विचारायला लागेल. पिशवीत खुर्चीची पट्टी टाकली आणि निघाले.

तीच नर्स होती. मी दारातूनच म्हटलं, मी पडते. ती म्हणाली, आजी, मला चांगलं माहीत आहे, तुमच्यापेक्षा त्या दिवशी मीच जास्त घाबरले होते, कामावर मी नवीनच होते. आम्ही दोघी हसलो. तिने मला पलंगावर घेतलं. मी पट्टी तळपायाला अडकवली, उजव्या हाताने ओढली, आणि डावा दंड तिच्या स्वाधीन केला. ती विचारते, आजी, हे काय? मी म्हटलं, खुर्ची बांधते. ती म्हणाली, आमच्या आईच्या सोफ्याचं बूड गेलंय, बसलं की माणूस आत जातं. मी आवळलेल्या दातांतूनच विचारलं, स्प्रिंगा आहेत की नुसता फोम? ती म्हणाली, स्प्रिंगा, आणि झालं पण. मी म्हटलं, काय झालं?

भीती गेली असं समजू नकोस. छातीत अजून धडधडतंय आणि दंड दुखतोय. भीती माझ्याबरोबर त्या पलंगावर होतीच. उपद्व्यापी पोराच्या हातात काम द्यावं तशी तिला पट्टी ओढायला लावली, इतकंच.

आता पंधरवडा काढायचा. बाळाला म्हणावं, घाई करू नकोस, आत्याआजी येतेय.

तोवर लोभ उबेला ठेव.
तुझी आत्या


१९ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तिने ऐकलं नाही. आलीसुद्धा. मुलगी आहे. लवकर आली म्हणून बारीक आहे, पण आवाज तुझ्यावर गेलाय. आम्ही दोघी सुखरूप आहोत. तुझे जावई तिला हातात घेतात तेव्हा श्वास घ्यायचं विसरतात.

आत्या, एक गोष्ट लिहू की नको, असं चाललंय. जन्मल्या दिवशीच तिला टोचलं. एवढीशी मांडी, माझ्या अंगठ्याएवढी. मी भिंतीकडे तोंड केलं. तुला शहाणपण शिकवणारी मी, आणि तिच्याआधी मीच रडले. पुढच्या लसी ती दीड महिन्याची झाली की आहेत. तेव्हापासून तेच डोक्यात. ती झोपली की मांडी उघडून बघते, झाकते, परत बघते. कुणीतरी तिला धरावं लागणार, आणि मला आत जाववणार नाही. मी तुझ्यासारखीच निघाले गं. हसू नकोस.

कधी येतेस?
तुझी चिमणी


२२ सप्टेंबर

चि. चिमणीस, आणि तिच्या कुशीतल्या नवीन बाईस,
दोघींना पोटभर आशीर्वाद.

हसले नाही. पत्र वाचलं आणि पिशवी भरायला घेतली.

उद्याच निघते. टेम्पोवाल्याला पटवलंय, खुर्चीशेजारी मीही बसून येणार. माझा पंधरवडा सरायला थोडे दिवस आहेत, तोवर तिला मी खोलीच्या दाराबाहेरूनच बघेन. दाराबाहेर उभं राहायची मला सवय आहे.

तिच्या सुईच्या दिवशी मात्र दाराबाहेर तू. बिस्किटांचा पुडा तुझ्याकडे. मी आत जाणार आणि तिला मांडीवर धरणार. सुईकडे बघणार नाही, तेवढं धाडस माझ्यात नाही. तिच्या तोंडाकडे बघेन. पाय जमिनीला रोवीन, दात आवळीन, टोमॅटो होईन. ती रडली की तिला बाहेर आणून तुझ्या हातात देईन. मग पडायचं असलं तर पडेन, जावयांना मागे उभं राहायला सांगून ठेव.

खुर्ची काल पुरी केली. पाठ पुन्हा उसवली नाही. हातांना टोकाशी मात्र दुहेरी कापड लावलंय. त्या घरात नखं रुतवणारी एक तू आहेस, दुसरी मी येतेय, आणि तिसरीचं अजून कळायचंय.

सायकल हलवली ना? लोभाचं तोंडानंच बोलू, वाटेत आहे.
तुझी आत्या