कंपनीकडून ताईला

४ फेब्रुवारी

आज एजंटने पाचवा फ्लॅट आणला. चावी टेबलावर टाकली आणि म्हणाला, "तिसरा मजला, दोन बेडरूम, मालकीण परदेशात. सहा वर्षं कुलूप आहे." पत्ता वाचला आणि हातातला चहा साडीवर! ताईचा फ्लॅट. माझ्या सख्ख्या बहिणीचा!

पार्टनरला म्हटलं, हा नको. पण बाईसाहेबांनी करारावर सही ठोकूनही टाकली होती. हॉटेलात एकोणीस वर्षं ती रिसेप्शनवर आणि मी हाउसकीपिंगला – तेव्हापासूनची ही घाई. "लोकांची घरं चार-आठ दिवसांच्या पाहुण्यांना द्यायचा धंदा काढलाय ना आपण? मग पायाने चालत आलेलं घर परत पाठवायचं?" तिचंही खरंच.

कागदावर पार्टनरचं नाव आहे, माझं कुठेच नाही. मेसेज मात्र मी करते, कंपनीच्या नंबरवरून. ताईला कळायचं कारण नाही. कळलं तर त्याच दिवशी चावी परत मागेल.

५ फेब्रुवारी

बाबा गेले तेव्हा ताई दुसऱ्या दिवशी पोचली. विमान चुकलं होतं. मी दारातच, सगळ्यांच्या देखत म्हणाले – "आता कशाला आलीस?" आणखीही बरंच बोलले. ती बॅग खाली न ठेवता परत फिरली. फ्लॅट तिचाच, तिनेच बाबांसाठी घेतलेला, आणि मी तिला उंबऱ्यावरून हाकललं!

माझ्या जिभेला हाड नाही, हे आई लहानपणापासून सांगायची. पहिलं वर्षभर वाटायचं, चूक तिची. नंतर कधीतरी वाटेनासं झालं. तोवर फोन करायची हिंमत गेली होती.

६ फेब्रुवारी

पहिला मेसेज केला. "नमस्कार मॅडम, आपल्या फ्लॅटची जबाबदारी आमच्याकडे आली आहे." उत्तर आलं – "नमस्कार. धन्यवाद." दोन शब्द! नवऱ्याला तीनदा वाचून दाखवले. तो म्हणाला, "आता फ्रेम करून लाव."

९ फेब्रुवारी

कुलूप उघडलं. धूळ म्हणजे धूळ! सफाईवाल्या मावशींनी नाकाला पदर लावला. मी आतल्या खोलीत गेले आणि बाबांच्या पलंगावर बसून घेतलं. मावशी म्हणाल्या, "बाई, चक्कर आली का?" हो म्हटलं.

आमचा नियम आहे – पाहुणे येण्याआधी घरच्यांच्या सगळ्या वस्तू एका कपाटात, कपाटाला कुलूप, आणि मालकाला यादी. ठेवायचं की टाकायचं ते त्याने सांगायचं. नियम मीच केलाय. हॉटेलात खोली रिकामी करायला मला दहा मिनिटं लागायची. आज चार तास लागले.

१० फेब्रुवारी

यादी पाठवली. ताईची उत्तरं पटापट.

रेडिओ, बंद – ठेवा.
शब्दकोड्यांच्या वह्या, अकरा – ठेवा.
औषधांचा डबा – टाका.
बाबांची काठी – ठेवा.

पाठवून झाल्यावर दिसलं. 'बाबांची काठी'! कंपनीला काय ठाऊक काठी कोणाची! नुसती 'काठी, जुनी' लिहायची होती. पण ताईने "ठेवा" लिहिलंय आणि पुढच्या ओळीला गेलीय. वाचलं नसेल नीट. घाईत असते ती.

वाचले!

१७ फेब्रुवारी

कंपनीचा फोन वाजला. ताईच! मी तो पार्टनरच्या हातात कोंबला. तिने स्पीकर लावला. गिझर बदलायचा की दुरुस्त करायचा, एवढंच बोलणं. मी समोर बसून तोंडावर हात. आवाज थोडा जाड झालाय तिचा. आणि ती अजून बोलता बोलता मध्येच खोकते, तसंच. मला म्हणायचं होतं – अगं, दाखव ना एखाद्या डॉक्टरला!

पार्टनर फोन ठेवून म्हणाली, "गिझर दुरुस्त." मग माझ्याकडे बघून तिने खिडक्या पुसायला घेतल्या. पुसलेल्याच होत्या.

२२ फेब्रुवारी

काल पहिले पाहुणे आले. नवराबायको आणि एक तान्हं. बाबांच्या खोलीत झोपले. सकाळी त्यांचं हसणं जिन्यापर्यंत येत होतं. ताईला कळवलं – "मॅडम, घर भरलं." तिने विचारलं, "गॅलरीत ऊन येतं का अजून?"

येतं. फोटो पाठवला. असं काही विचारलं की दिवसभर बरं जातं. वय वर्षं एक्कावन्न आणि टपालाची वाट बघितल्यासारखी फोनची वाट बघते मी!

३ मार्च

ताईचा मेसेज: "सामानात एक निळा स्वेटर होता का? हाताने विणलेला. यादीत दिसला नाही."

यादीत कसा दिसेल! तो माझ्याकडे आहे. तिने विणलेला, बाबांनी शेवटपर्यंत घातलेला. बाबा गेले त्या दिवशी मी उचलून आणला, कोणाला न विचारता. कपाटात सगळ्यात खाली ठेवलाय. वास कधीच गेला, तरी काढून बघते.

"नाही मॅडम" असं लिहिलं. पाठवलं नाही.

४ मार्च

स्वेटर नेऊन फ्लॅटच्या कपाटात ठेवला. "सापडला, मॅडम. मागच्या बाजूला पडला होता." जिन्यात बसून रडले. मावशी बादली घेऊन बाजूने गेल्या, न बघितल्यासारखं करून. देव त्यांचं भलं करो.

संध्याकाळी उत्तर आलं: "फार मोठं काम केलंत. मला वाटलं होतं, तो मला कधीच मिळणार नाही."

१८ मार्च

ताई येतेय! पुढच्या महिन्यात. लिहिलंय – "तुमच्याकडे घर जे कोणी सांभाळतं, त्यांना भेटायचं आहे."

पार्टनरच्या हातापाया पडले, तू जा, तूच सांभाळतेस असं सांग. ती साफ म्हणाली, "फोनवर थापा मारेन. समोर बसून नाही. तिला बघायला जीव टाकतेस आणि आता ती येतेय तर लपतेस? कमाल आहे बाई तुझी!"

हो, लपतेय. आत्ता निदान "ठेवा", "टाका", "धन्यवाद" तरी मिळतंय. तिने मला दारात बघितलं आणि पुन्हा पाठ फिरवली, तर तेवढंही जाईल. सहा वर्षांनी मिळालंय ते. नवरा म्हणतो, सांगून टाक. त्याचं काय जातं!

२१ मार्च

लिहिलं, "मॅडम, तुम्हाला एक सांगायचं होतं." पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं.

शेवटी पाहुण्यांसाठीचा नेहमीचा फॉर्म पाठवला. मालक स्वतः राहायला आले तरी भरायचा, असा नियमच आहे.

२३ मार्च

फॉर्म भरून आला. मुक्काम – बारा रात्री. पाहुण्यांची संख्या – दोन. दुसऱ्या पाहुण्याचं नाव – 'धाकटी बहीण'. तिच्या फोन नंबरच्या रकान्यात हाच, कंपनीचा नंबर. खाली विशेष सूचना: "विमानतळावर मला घ्यायला तिलाच पाठवा."